लालला लाल, काळ्याला काळं: घरातले स्पीकर जोडायचे कसे



आजचा विषय वरवर पाहिला तर दोन मिनिटांत संपण्यासारखा आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे दोन टर्मिनलं, स्पीकरच्या मागे दोन टर्मिनलं, मध्ये एक दुहेरी वायर. यात सांगण्यासारखं काय? पण हे जोडकाम चुकलेलं असताना वर्षानुवर्षं गाणी ऐकणारी घरं मी पाहिली आहेत. त्या घरांत काही जळलं नव्हतं, धूर निघाला नव्हता. फक्त गाणं अर्धं ऐकू येत होतं, आणि ते अर्धं आहे हे कुणाला कळत नव्हतं. म्हणून आज जरा सावकाश बोलू.

मी बोलतोय चेन्नईतल्या एग्मोरमधून. आपल्यापैकी अनेकांना एग्मोर म्हणजे 1908 सालचं ते लाल-पांढरं रेल्वे स्थानक एवढंच माहीत असतं. पण आवाज दुरून आणून लोकांना ऐकवायचा हा उद्योग दक्षिण भारतात याच भागात रुजला. 1924 साली मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला आणि त्याचं प्रक्षेपण एग्मोरमधल्या हॉलोवेज गार्डनमधून सुरू झालं. पैशांअभावी तो क्लब बंद पडला. मग 1930 साली मद्रास महापालिकेने रिपन बिल्डिंगमधून प्रक्षेपण सुरू केलं. तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते, म्हणून मरिनासारख्या सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावून लोकांना कार्यक्रम ऐकवले जात. पुढे 1938 साली ऑल इंडिया रेडिओचं मद्रास केंद्र सुरू झालं, तेही एग्मोरलाच, मार्शल्स रोडवरच्या एका बंगल्यात. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर यांच्यातली तार हा विषय या गावाच्या चांगल्या ओळखीचा आहे. आपण तो आपल्या बैठकीच्या खोलीत आणू.

पहिला प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो तो असा: गाण्याचा विद्युतप्रवाह तर सतत दिशा बदलतो, मग त्यात अधिक-उणे कसलं? प्रश्न बरोबर आहे. एकच स्पीकर असेल तर अधिक-उणे उलटं केल्याने फारसा फरक कळणारही नाही. पण आपल्याकडे दोन स्पीकर असतात. दोघांचे पडदे एकाच वेळी पुढे आले पाहिजेत आणि एकाच वेळी मागे गेले पाहिजेत. लाल आणि काळा रंग आहे तो एवढ्यासाठीच. दोन माणसं झोपाळ्याच्या दोन बाजूंना उभी आहेत अशी कल्पना करा. दोघांनी एकाच वेळी ढकललं तर झोपाळा जागचा हलत नाही. एकाने ढकललं आणि दुसऱ्याने ओढलं की झोका मिळतो. खोलीतल्या हवेचं याच्या बरोबर उलट आहे: दोन्ही स्पीकरांनी एकाच वेळी ढकलली तर जोर येतो, एकाने ढकलली आणि दुसऱ्याने ओढली तर हवा जागच्या जागी राहते.

हे मुख्यतः खालच्या सुरांना लागू होतं. 100 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. आपले दोन स्पीकर दीड-दोन मीटरवर असतात. एवढ्या लांब लहरीला दोन्ही स्पीकर जवळजवळ एकाच जागी असल्यासारखे असतात, त्यामुळे एकाची लहर दुसऱ्याची लहर खाऊन टाकते. वरचे सूर आखूड लहरींचे असतात, ते असे सरळ पुसले जात नाहीत, खोलीभर विस्कटतात. म्हणून झांजा, सतार, स्वरमंडल ऐकू येतं. डग्गा जातो, तानपुऱ्याचा खरज जातो. इथल्या मैफलीतलं उदाहरण द्यायचं तर मृदंगाची डावी बाजू जाते. आणि गायकाचा आवाज, जो दोन स्पीकरांच्या बरोबर मधून यायला हवा, तो कुठून येतोय हेच कळेनासं होतं.

इथल्याच एका मराठी कुटुंबाकडे मी गेलो होतो. आजोबा ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर ऐकत आलेलं शास्त्रीय संगीत, आणि वर्षभरापूर्वी घर बदलल्यापासून त्यांचं ऐकणं कमी होत गेलेलं. ते म्हणायचे, "डग्गा ऐकू येत नाही रे मला. कान गेले." घरच्यांनीही ते मान्य केलं होतं, या वयात ऐकू कमी येतं, त्यात नवल ते काय! मुलाने सबवूफर घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे निदान ठेका तरी कळेल. मी मागे वाकून पाहिलं तर डाव्या स्पीकरच्या वायरीचं पट्टीचं टोक लालमध्ये होतं आणि उजव्याचं काळ्यात. सामान हलवणाऱ्यांनी घाईत खोचलं असेल. अ‍ॅम्प बंद केला, एका स्पीकरची दोन टोकं अदलाबदल केली, पुन्हा लावलं. आजोबांनी मान हलवली आणि मांडीवर हाताने ठेका धरला. सबवूफर आला नाही. कानांची तपासणी त्यांनी नंतर करून घेतली ती वेगळी, आणि ती करायलाच हवी. पण त्या वर्षभराचं ऐकणं गेलं ते एका वायरीमुळे.

म्हणून आता हे तपासायचं कसं ते सांगतो. व्हिडिओ थांबवून करून पाहिलंत तरी चालेल.

एक मोनो ध्वनिमुद्रण घ्या. 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं काहीही चालेल: बालगंधर्व असोत, मल्लिकार्जुन मन्सूर असोत, त्या सगळ्या तबकड्या मोनो. म्हणजे दोन्ही स्पीकरांना तंतोतंत एकच संकेत जातो. दोघांच्या बरोबर मध्ये बसा. आवाज समोरच्या भिंतीच्या मध्यावरून, एका माणसाच्या तोंडून यावा तसा आला पाहिजे. तो डोक्याच्या दोन्ही बाजूंनी, कुठूनही न आल्यासारखा वाटला, तर अ‍ॅम्प बंद करून एकाच स्पीकरची टोकं उलटी करा आणि पुन्हा ऐका. स्पीकर छोटे असतील तर दोघांना हातभर अंतरावर तोंडाला तोंड लावून ठेवा. मग फरक इतका ठळक होतो की शंकाच उरत नाही. ज्या जोडणीत खालचा आवाज भरीव येतो ती बरोबर.

दुसरी तपासणी दीड व्होल्टच्या साध्या सेलची. स्पीकरची वायर अ‍ॅम्पच्या मागून पूर्ण काढून घ्या. मग तिची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवा. सेलचा अधिक बाजूचा टोपीकडचा भाग स्पीकरच्या लालला लागला की मोठा पडदा बाहेर सरकतो, टक् असा आवाज येतो. दोन्ही स्पीकर सारखेच सरकले की झालं. काही जुन्या परदेशी स्पीकरांत, उदाहरणार्थ जुन्या जेबीएलमध्ये, हा नियम उलटा असतो. जोडीतले दोन्ही एकाच जातीचे असतील तर त्याने बिघडत नाही. सेल टेकवून लगेच काढायचा, धरून ठेवायचा नाही.

आता वायरीकडे वळू. दोन धागे, पण कुठला कुठला हे ओळखायला खूण असतेच. पारदर्शक आवरणाची वायर असेल तर एक धागा तांब्याच्या रंगाचा, दुसरा चांदीसारखा. काळ्या वायरीवर एका बाजूला पांढरी रेघ किंवा बारीक अक्षरं किंवा बोटाला लागणारी उभी कड असते. खूण असलेला धागा लालला, असं एकदा ठरवा आणि सगळ्या घरात तेच पाळा.

जाडी किती हवी? इथे दुकानदारांचे आणि जाहिरातींचे बरेच दावे असतात. आपण हिशेब करू. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण 0.017 ओहम. स्पीकर दहा मीटरवर असेल तर प्रवाहाला जाऊन-येऊन वीस मीटर पडतात, म्हणजे सुमारे 0.34 ओहम. ढोबळ नियम असा, की वायरीचा हा रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत असावा. आठ ओहमच्या स्पीकरला 0.4, चार ओहमच्याला 0.2. आता आपल्या बाजारात मिळणारी जुनी ओळखीची 14/36 वायर घ्या, म्हणजे 36 नंबरच्या बारीक तारेचे 14 धागे. त्यात तांबं सुमारे 0.4 चौरस मिलिमीटर. दहा मीटर अंतराला हिचा रोध 0.8 ओहमच्या वर जातो. नियमाच्या दुप्पट. तीच 40/36 घेतलीत तर 0.3 च्या आत येता. नव्या मापात सांगायचं तर तीन-चार मीटरपर्यंत एक चौरस मिलिमीटर पुष्कळ झाली. दहा मीटर असेल तर आठ ओहमला दीड आणि चार ओहमला अडीच. याच्या पुढे मीटरला हजारो रुपये देण्याची गरज मला तरी कधी पडलेली नाही.

एक गोष्ट मात्र पारखून घ्या. इथे कूवम नदीपलीकडे रिची स्ट्रीट आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात तपकीर गल्ली आहे. सगळीकडे स्वस्त वायरीत एक प्रकार मिळतो, वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि ती वाकवली की लवकर तुटते. एक धागा ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरा निघाला तर समजा. घ्यायची तर एक माप जाड घ्या, आणि तांब्याच्या भावाने घेऊ नका.

टोकं कशी जोडायची, याचे चार प्रकार घरात दिसतात.

पहिला, दाबायची स्प्रिंगची क्लिप. दाबलं, वायर घातली, सोडलं. छोट्या संचांना पुरते. आवरण एक सेंटिमीटरच सोला, धागे नीट पिळा आणि क्लिपने तांब्याला पकडलंय, प्लॅस्टिकला नाही, हे पाहा. कित्येकदा "एक स्पीकर अधूनमधून बंद पडतो" या तक्रारीचं मूळ इथेच सापडतं.

दुसरा, पेचाचं टर्मिनल, लाल आणि काळ्या टोपीचं. यात पिळलेली वायर आडव्या भोकातून घालून टोपी आवळायची. टोकाला डाख देऊन मग पेचात आवळू नका. कथील दाबाखाली हळूहळू सरकतं आणि वर्षभरात पकड सैल होते. व्यवस्थितच करायचं असेल तर टोकावर दाबून बसवायचा लग लावा.

तिसरा, बनाना प्लग. चार मिलिमीटरचा, पेचाच्या टर्मिनलच्या मागच्या भोकात बसणारा. ज्यांना अ‍ॅम्प वारंवार पुढे-मागे करावा लागतो त्यांच्यासाठी उत्तम. धागे बाहेर राहत नाहीत, म्हणून शॉर्ट व्हायची भीती कमी. पण लक्षात ठेवा, हाच प्लग आपल्या भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटच्या भोकातही जातो. घरात लहान मूल असेल तर स्पीकरची वायर अ‍ॅम्पपासून सुटून मोकळी पडलेली ठेवू नका. आणि स्पीकरच्या वायरीला विजेचा दोन पिनचा प्लग तर कधीच लावू नका. कुणीतरी केव्हातरी तो भिंतीत खोचतोच. 230 व्होल्ट स्पीकरमध्ये गेले तर स्पीकर जळेल, आणि उघड्या टर्मिनलला हात असेल तर जीव जाईल.

चौथा, जुन्या युरोपीय घडणीच्या संचांचा डिन प्लग: एक चपटी पिन, एक गोल. गोल ती अधिक, चपटी ती उणे. हा उलटा बसतच नाही. मात्र नवीन वायर जोडताना आत डाख देणाऱ्याने उलट दिला, तर मघाची तपासणी करावी लागते.

इथे चेन्नईचा, तसाच मुंबईचा आणि कोकणपट्टीचा एक खास मुद्दा. समुद्राची खारी दमट हवा. उघडं तांबं काळं पडतं, मग हिरवं. त्या थरातून संपर्क नीट होत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, अ‍ॅम्प बंद करून टोकं पाहा. काळी झाली असतील तर तेवढा तुकडा कापा आणि ताजं तांबं सोला. म्हणून जोडताना वायर दोन वीत जास्त ठेवायची.

आता ओहमचा हिशेब, कारण अ‍ॅम्प जळतो तो बहुधा इथे. एका खोलीत दोन आणि दुसऱ्या खोलीत दोन स्पीकर हवेत, म्हणून लोक एकाच टर्मिनलवर दोन वायरी बसवतात. ही समांतर जोडणी. आठ ओहमचे दोन समांतर म्हणजे चार ओहम. चार ओहमचे दोन समांतर म्हणजे दोन ओहम, आणि दोन ओहमवर घरगुती अ‍ॅम्प बहुधा तापतो, बंद पडतो किंवा जळतो. अ‍ॅम्पच्या पाठीवर लिहिलेलं असतं: ए किंवा बी असेल तर चार ओहमपासून, ए अधिक बी असेल तर आठ ओहमपासून. ते वाचा. स्पीकरवरची पट्टी निघून गेली असेल तर मल्टीमीटर लावा. आठ ओहमचा स्पीकर साधारण सहाच्या आसपास दाखवतो, चारचा तीन ते साडेतीन. एकामागे एक, म्हणजे एकसरी जोडणी केली तर ओहमची बेरीज होते, अ‍ॅम्प सुरक्षित राहतो. पण दोन स्पीकर वेगवेगळे असतील तर एकमेकांचा आवाज बिघडवतात. तेव्हा ती सोय पाहुण्यांच्या खोलीसाठी ठीक, बसून ऐकण्यासाठी नाही.

काही स्पीकरांच्या मागे चार टर्मिनलं असतात आणि वर-खाली जोडणारी धातूची पट्टी. एकच वायर लावणार असाल तर पट्टी तशीच राहू द्या. पट्टी हरवली की लोकांचा ट्वीटर किंवा वूफर गप्प होतो आणि ते स्पीकर दुरुस्तीला नेतात. उलट, वरच्यांना एक आणि खालच्यांना दुसरा असे दोन अ‍ॅम्प लावणार असाल तर पट्ट्या आधी काढा. विसरलात तर दोन अ‍ॅम्पची तोंडं एकमेकांना थेट भिडतात.

तीन सावधगिरीच्या गोष्टी आणि मग संपवतो.

पहिली, हल्लीचे तळहातावर मावणारे डिजिटल अ‍ॅम्प, टीपीए 3116 सारख्या चिपचे. यांच्यात काळं टर्मिनलही जिवंत असतं. डाव्या आणि उजव्याचं काळं एकत्र बांधून एक तार वाचवायची जुनी युक्ती इथे केलीत तर चिप जाते.

दुसरी, व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला शॉर्ट सोसत नाही, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला स्पीकरविना वाजवणं सोसत नाही; आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. त्याच्या मागे चार, आठ, सोळा अशी वेगळी टर्मिनलं असतात, स्पीकरच्या ओहमप्रमाणे निवडायची.

तिसरी, मंडळाचा जुना पीए अ‍ॅम्प घरी आणणाऱ्यांसाठी. आहुजासारख्या अ‍ॅम्पच्या मागे 4, 8, 16 ओहमच्या बरोबरीने 100 व्होल्ट असंही टर्मिनल असतं. रेल्वे स्थानकासारख्या मोठ्या जागी शेकडो मीटर वायर ओढावी लागते. वीस वॅट आठ ओहमच्या स्पीकरला द्यायचे तर दीड अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो आणि तो लांब वायरीतच तापून वाया जातो. 100 व्होल्टवर त्याच वीस वॅटला 0.2 अँपिअर पुरतो. म्हणून तिथे प्रत्येक कर्ण्याला आपला ट्रान्सफॉर्मर असतो. घरच्या स्पीकरला तो नसतो. त्याची वायर 100 व्होल्टवर लावली तर आवाज वाढवताच स्पीकरची कॉइल जळते.

तर मंडळी, क्रम असा. अ‍ॅम्प बंद, प्लग भिंतीतून बाहेर. वायरीची खूण ओळखायची. एक सेंटिमीटर सोलायचं, पिळायचं, एकही धागा बाहेर नाही हे पाहायचं. लालला लाल, काळ्याला काळं. वायर हलकेच ओढून पाहायची. आवाजाची कळ शून्यावर आणून मग सुरू करायचं. आणि शेवटी मोनो गाणं लावून मध्ये बसायचं. सगळं मिळून पंधरा मिनिटं, खर्च बहुधा शून्य.

या रविवारी एवढं करा. आणि आपल्या घरी कुणी थोरलं माणूस "हल्ली गाण्यात मजा येत नाही" असं म्हणत असेल, तर त्यांच्याकडे जाऊन आधी स्पीकरच्या मागे वाकून पाहा. काय सापडलं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात स्पीकर खोलीत ठेवायचे कुठे, भिंतीपासून किती अंतरावर, यावर बोलू.